साडेतीन लाखांत आधी काय: पॅनेल, वाय-फाय की संगणक?

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोल्हापुरातलं अनुदानित महाविद्यालय, बी.कॉम. आणि बीसीए मिळून ११५० विद्यार्थी, प्रत्येकाकडून वर्षाला ४०० रुपये ‘तंत्रज्ञान शुल्क’. हे पैसे कशावर खर्च करायचे याचा प्रस्ताव प्राचार्यांनी यंदा विद्यार्थी परिषदेकडेच मागितला आहे. निम्म्या मुलांना वर्गात मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने लिहिता येणारा पडदा) हवंय, बाकीच्यांना सगळीकडे वाय-फाय. लॅबमध्ये सहाव्या पिढीच्या आय-३ चे ४० संगणक, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. त्यातले चार बंद. ३०० एमबीपीएसची लाइन असूनही अकरा वाजल्यानंतर मोबाइल जोडलाच जात नाही. मुख्य इमारत जुनी, काळ्या दगडाची, तीन मजली. ग्रंथालय मागच्या वेगळ्या इमारतीत.

प्राचार्यांनी हा निर्णय तुमच्यावर सोपवला ही मोठी गोष्ट आहे. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशी वेगळी फी आहे आणि विभागांनी पाठवलेल्या प्रस्तावांतून निवड करण्याचं काम विद्यार्थ्यांचीच समिती करते. आपल्याकडे ही सवय अजून लागायची आहे, म्हणून पहिल्याच वर्षी हिशेब आणि काम दोन्ही चोख व्हायला हवं.

कोणती वस्तू घ्यायची हे ठरवण्याआधी एक बघा: आहे ते कशामुळे अडतंय? लाइन, तारा, वीज, प्रत्येक मोबाइलला आयपी पत्ता (जाळ्यातला क्रमांक) वाटणारा राउटर आणि संगणकातली डिस्क या पाचांपैकी दोन ठिकाणी बिघाड असेल, तर नवीन पॅनेलही त्याच दोन ठिकाणी अडेल. मी खरेदीच्या यादीला हात लावण्याआधी आठवडाभर मोजमाप करायला लावतो. त्याला पैसा लागत नाही.

पहिलं मोजमाप पैशांचं. ११५० गुणिले ४०० म्हणजे ४,६०,००० हा कागदावरचा आकडा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि महाडीबीटीवरच्या इतर योजनांतली रक्कम उशिरा येते, आणि तुमचं हे शुल्क त्या योजनांत बसतं की नाही हेही वेगळंच पाहावं लागतं. काही मुलं फी हप्त्यांनी भरतात. म्हणून लेखा विभागात जाऊन ‘या शीर्षाखाली आजअखेर जमा किती, मागची शिल्लक किती’ एवढं लेखी घ्या. पुढचा हिशेब मी ३,५०,००० हातात आहेत असं धरून करतो.

आता लाइन. लॅपटॉप तारेने थेट कंपनीच्या राउटरला जोडा आणि सकाळी ८, ११ आणि दुपारी २ वाजता वेग मोजा. मग वाय-फायवर त्याच खोलीत मोजा आणि शेवटी तुमच्या सर्वात लांबच्या वर्गात. तारेवर तिन्ही वेळा २५०च्या आसपास आकडा येत असेल तर लाइन निर्दोष आहे, जास्त वेगाचा प्लॅन घेऊन काही साधणार नाही. तारेवर नेमके ९०-९५ येऊन थांबत असतील तर बहुधा तारेतल्या आठ धाग्यांपैकी चारच धड जोडलेले आहेत किंवा कुठलं तरी पोर्ट शंभर एमबीपीएसचंच आहे. गिगाबिटला आठही धागे लागतात.

‘अकरानंतर जोडलाच जात नाही’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. वेग कमी होणं वेगळं, जोडणीच न होणं वेगळं. घरगुती राउटर साधारणपणे एका जाळ्यात २५३ पत्तेच वाटू शकतो आणि दिलेला पत्ता बहुतेक २४ तास त्या मोबाइलच्या नावावर राहतो. सकाळच्या सत्रातली मुलं पत्ते घेऊन घरी जातात, दुपारच्या सत्राला काही उरत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये पत्त्याची मुदत एक तासावर आणा. राउटर मानत असेल तर जाळ्याचा आकार (सबनेट) ‘/२४’ऐवजी ‘/२२’ करा, म्हणजे हजारावर पत्ते मिळतात. एवढ्याने निम्मी तक्रार जाते. उरलेली अर्धी त्या राउटरच्या ताकदीची आहे. तो घरातल्या दहा-पंधरा उपकरणांसाठी बनवलेला असतो, पंचवीस-तीस मोबाइल एकाच वेळी व्हिडिओ बघायला लागले की गुदमरतो.

तिसरं मोजमाप विजेचं, आणि हे बहुतेक जण टाळतात. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन लॅबमधल्या चार सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. दहा-पंधरा दाखवत असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय किंवा तार गंजलीय. तुमचे चार संगणक याच कारणाने गेले असण्याची बरीच शक्यता आहे, आणि नवीन आणलेलेही त्याच वाटेने जातील. वळवाच्या पावसात, एप्रिल-मे महिन्यांत, कोल्हापुरात विजा कडाडतात तेव्हा तर अर्थिंग हाच आधार.

चौथं, मुलांना विचारा. प्रश्न तीनच ठेवा: घरी लॅपटॉप किंवा संगणक आहे का, कॉलेजात किती ते किती वाजेपर्यंत थांबता, आणि ऑनलाइन काय करता येत नाही म्हणून अडतं. राधानगरी, गगनबावड्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांना संध्याकाळी सातपर्यंत उघडी राहणारी लॅब काय कामाची? त्यांना साडेअकरा ते दीड या मधल्या वेळेत वीस चालू संगणक हवेत. हे उत्तर हाती असेल तर पॅनेलचा वाद आपोआप निवळतो.

पॅनेलबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो: पहिल्या वर्षी घेऊ नका. ६५ ते ७५ इंची पॅनेल बसवून, जीएसटीसकट लाख-सव्वा लाखाच्या घरात जातं आणि एकाच वर्गात बसतं. तुमचे बारा वर्ग असतील तर पैसे सगळ्यांनी भरायचे आणि फायदा बाराव्या हिश्शाला. शिवाय ज्या प्राध्यापकांना ते वापरायचंय त्यांनी आधी मागणी करायला हवी. तशी लेखी मागणी दोन-तीन जणांकडून आली असेल तर दुसऱ्या वर्षी जरूर विचार करा. तोवर जे प्रोजेक्टर आहेत त्यांचे फिल्टर साफ करा, खिडकीला जाड पडदा लावा, एक चांगली एचडीएमआय तार आणि स्पीकरची जोडी द्या. दहा-पंधरा मीटरपेक्षा लांब स्वस्त एचडीएमआय तार चित्र मधेच घालवते, म्हणून लॅपटॉपची जागा प्रोजेक्टरजवळ आणा.

वाय-फाय सगळीकडे करायचा हट्टही सोडा. सहा ठिकाणं निवडा: ग्रंथालयाची अभ्यासिका, ग्रंथालयाचा देवघेव कक्ष, लॅब, बीसीएचे दोन वर्ग आणि मुलं जिथे थांबतात तो हॉल. दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ मरतो. व्हरांड्यात एक अॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल सोडणारं उपकरण) लावून दोन्ही बाजूंचे वर्ग धरायचे हा हिशेब नव्या विटांच्या इमारतीत जमतो, तुमच्याकडे जमणार नाही. खोलीत वापरायचं तर उपकरण खोलीतच छताला लावायचं.

प्रत्येक अॅक्सेस पॉइंटपर्यंत कॅट-६ प्रकारची नेटवर्कची स्वतंत्र तार न्या. तारेने वीज आणि डेटा दोन्ही जातात, म्हणून छताला वेगळं सॉकेट काढावं लागत नाही. ३०५ मीटरचा एक खोका तुम्हाला पुरेल. एका तारेची लांबी १०० मीटरच्या वर जाऊ देऊ नका. खोक्यावर ‘शुद्ध तांबं’ लिहिलंय का ते बघा, आणि टोक खरवडून खात्री करा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार निम्म्या भावात मिळते, पण विजेच्या भाराने तापते आणि वर्षभरात जोड सैल पडतात. ही फसगत इतकी सर्रास होते की दरपत्रकातच ‘मुलामा दिलेली तार चालणार नाही’ अशी ओळ घाला.

स्विच (एक लाइन अनेक तारांत वाटणारा डबा) घेताना पोर्टांबरोबर वॅटही मोजा. आठ पोर्टांचा पीओई (तारेतूनच वीज देणारा) स्विच एकूण ६० वॅटच देत असेल आणि त्याला जोडलेले सहा अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १३ वॅट घेत असतील, तर ७८ वॅट लागतात. गर्दी झाली की त्यातले एक-दोन आपोआप बंद-चालू होत राहतात आणि सगळे अॅक्सेस पॉइंटलाच दोष देत बसतात. ११०-१२० वॅटचा स्विच घ्या.

मागच्या ग्रंथालयाच्या इमारतीला तांब्याची तार टाकू नका, अंतर तीसच मीटर असलं तरी. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. जवळपास वीज कोसळली की तो झटका तारेतून दोन्हीकडच्या स्विचमध्ये शिरतो. तिथे फायबरच (काचेच्या धाग्याची तार) हवी. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून ग्रंथालयातल्या दोन अॅक्सेस पॉइंटना वीज देणारा छोटा पीओई स्विच तिथेच लागेल. छोट्या अंतरासाठी फायबर व दोन कन्व्हर्टर फार महाग पडत नाहीत.

सेटिंगची तीन कामं बसवणाऱ्याकडून त्याच दिवशी करून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच आळीपाळीने द्यायचे. उपकरणाची प्रसारण-ताकद मध्यम ठेवायची, म्हणजे मोबाइल लांबच्या पॉइंटला चिकटून बसत नाही. आणि दर मोबाइलला ४-५ एमबीपीएसची मर्यादा घालायची. अभ्यासाला तेवढं पुरतं, आणि एकाच्या डाउनलोडपायी साठ जण अडकत नाहीत.

सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नका. प्रवेश क्रमांकानुसार लॉगिन ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. कधी पोलिसांकडून विचारणा आली तर ‘आमच्या वाय-फायवरून कुणी केलं माहीत नाही’ असं म्हणण्याची वेळ प्राचार्यांवर येऊ नये. मात्र मुलांचे मोबाइल नंबर, आधार वगैरे गोळा करू नका. लॉगिनला प्रवेश क्रमांक पुरतो.

आता संगणक. सहाव्या पिढीच्या आय-३ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यामुळे विक्रेते ‘सगळेच बदला’ म्हणतील. घाई करू नका. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची जादा सुरक्षा तीन वर्षं ठेवली आहे: दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. अधिकृत विक्रेत्यामार्फत संस्थेच्या नावाने ती घेता येते. टॅलीला विंडोज लागतं, म्हणून बी.कॉम.साठी २४ संगणकांवर ही सोय घ्या आणि बीसीएच्या प्रोग्रॅमिंगसाठी १२ संगणकांवर लिनक्स चढवा. सी, पायथन, जावा तिथे उत्तम चालतात. दोन्हीकडे मराठी युनिकोड कळफलक सुरू करून ठेवायला विसरू नका.

संगणक मंद आहेत ते मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. आधी एकाच संगणकात २५६ जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवून बघा. जो सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेतो तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास यायला हवा. तो आला तर ३६ नगांची मागणी काढा. २.५ इंची साटा प्रकारचीच घ्या, कारण त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर छोटी एनव्हीएमई डिस्क बसत नाही किंवा तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, म्हणून तिचा नंबर दुसरा. झाकण उघडून पट्टी डीडीआर-३ आहे की डीडीआर-४ आणि दुसरा खाचा रिकामा आहे का हे लिहून आणा. बंद पडलेल्या चार संगणकांतल्या पट्ट्या चालू असतील तर चार यंत्रांची सोय फुकटात होते.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: सगळ्या संगणकांतली सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला. ती संपली की तारीख मागे जाते आणि बँकेच्या, विद्यापीठाच्या, परीक्षेच्या सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. मुलं म्हणतात ‘नेट बंद आहे’, आणि दोष असतो पन्नास रुपयांच्या बॅटरीत.

वीज गेल्यावर काय, हाही तुमच्या प्रश्नातला भाग होता. ३६ संगणक मॉनिटरसह साडेतीन किलोवॅट ओढतात. एवढा बॅकअप या पैशांत बसत नाही, त्याच्या मागे लागू नका. पण स्विच, राउटर आणि अॅक्सेस पॉइंट मिळून १४०-१५० वॅटच लागतात. साध्या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-तासाची बॅटरी त्यांना जेमतेम पंधरा-वीस मिनिटं पुरेल. त्याऐवजी एक इन्व्हर्टर आणि १५० अॅम्पिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी घ्या. मुख्य इमारतीतलं वाय-फाय दिवसभर चालू राहील. बॅटरी हवेशीर जागी हवी आणि तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायला हवं. स्विच आणि राउटर ठेवायचा रॅक तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी तुमच्या आवारापर्यंत आलं होतं का, हे जुन्या शिपाईमामांना विचारा, त्यांना पायरीनुसार सांगता येईल. कुलपाचा लोखंडी पिंजरा शिवाजी उद्यमनगरात मापाने करून मिळतो, तयार रॅकपेक्षा स्वस्त आणि मजबूत. जाण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.

पैशांची विभागणी मी अशी करेन. वाय-फायला १,१३,०००: त्यात सहा अॅक्सेस पॉइंट ६६,०००, स्विच १०,०००, तारा, फायबर आणि मजुरी २२,०००, आणि चांगला राउटर १५,०००. संगणकांना १,०८,०००: ३६ एसएसडींना अंदाजे ९०,०००, उरलेल्यात रॅम, बॅटऱ्या आणि विंडोजची जादा सुरक्षा. अर्थिंग, सॉकेट आणि इन्व्हर्टरला ५०,०००. जादा अॅक्सेस पॉइंट, दोन एसएसडी, कळफलक, माउस असा कपाटातला साठा १९,०००. आणि ६०,००० ना हात लावायचा नाही, ते वर्षभराच्या दुरुस्तीचे. दर बाजारानुसार हलतील, पण दुरुस्तीचा हिस्सा कापून दुसरीकडे वळवू नका. लॅब बंद पडतात त्या या रकमेअभावीच. खरेदीला पैसे असतात, बाराशे रुपयांच्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) नसतात.

देखभालीचा वार्षिक करार करायचा असेल तर कागद नीट वाचा. ‘सुटे भाग धरून’ की ‘फक्त मजुरी’, आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, हे लिहिलेलं हवं. राजारामपुरी किंवा शाहूपुरीतला दुकानदार दोन हजारांनी महाग पडला तरी दुपारी येऊन उभा राहतो, हा फायदा मी मोठा मानतो. रोजच्या देखरेखीसाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून बीसीएचे दोन विद्यार्थी मागा. सकाळी संगणक सुरू करून बघणं, वहीत नोंद करणं आणि शनिवारी धूळ काढणं एवढं काम.

मंजुरीचा रस्ता तुमच्या हातात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात, आणि समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. प्रस्ताव तिथे ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. प्रस्तावात कंपनीचं नाव नको, वैशिष्ट्यं लिहा. मग तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, खरेदी आदेश, महाविद्यालयाच्या नावाचं जीएसटी बिल आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद. रक्कम मोठी असल्याने निविदा किंवा सरकारी खरेदीचं जेम पोर्टल लागतं का, हे कार्यालयीन अधीक्षकांना आधीच विचारा. संस्थेनुसार मर्यादा वेगळ्या असतात. जुन्या डिस्क आणि बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्राची पावती घ्या. डिस्कमध्ये मुलांची माहिती असते, ती आधी पुसा.

वेळेचंही बघा. ऑगस्टमध्ये मोजमाप, सप्टेंबरच्या बैठकीत मंजुरी, दिवाळीच्या सुट्टीत वायरिंग. तोवर भिंतीही सुकलेल्या असतात आणि वर्गही रिकामे. जानेवारीत संगणकांचं काम. मार्चमध्ये खरेदी करू नका. ३१ मार्चच्या घाईत जे मिळेल ते घेतलं जातं आणि तपासणी न करताच बिल निघतं.

आणखी एक काम उद्याच करता येईल. ग्रंथपालांना विचारा की महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणाऱ्या योजनेचं) सदस्य आहे का. असेल तर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं मोबाइलवर मिळतात. पुष्कळ ठिकाणी सदस्यत्वाचे पैसे भरलेले असतात, पण मुलांना लॉगिनच दिलेलं नसतं.

तुम्ही इथे चार आकडे टाका: तारेवरचे तीन वेळांचे वेग, राउटरमधली पत्त्याची मुदत, न्यूट्रल-अर्थिंगचा दाब आणि लेखा विभागाची लेखी जमा. फायबरची लांबी आणि अॅक्सेस पॉइंटच्या जागा ठरवायला इमारतीचा हाताने काढलेला नकाशाही चालेल, फक्त कुठली भिंत दगडी आणि कुठली विटांची एवढं त्यावर लिहा.